फाइलमधील स्थानबदल (सी प्रोग्रॅमिंग)

फाइलमधील स्थानबदल म्हणजे सी या प्रोग्रॅमिंग भाषेत उघडलेल्या फाइलमधील वाचनाचे वा लेखनाचे स्थान इच्छेनुसार पुढे किंवा मागे नेण्याची क्रिया होय. त्यासाठी भाषेच्या प्रमाणित लायब्ररीत एफसीक, एफटेल, रिवाइंड, एफगेटपॉस आणि एफसेटपॉस ही पाच फंक्शने आहेत. यांपैकी शेवटची दोन १९८९ च्या प्रमाणीकरणाच्या वेळी भाषेत आली.

स्वरूप

सी भाषेच्या दृष्टीने फाइल म्हणजे बाइटांची एक सलग ओळ असून तिची मोजणी शून्यापासून सुरू होते. बोट ठेवून वाचणाऱ्या मुलाचे बोट जसे अक्षरागणिक सरकते, तसे वाचलेल्या वा लिहिलेल्या बाइटांइतके हे स्थान आपोआप पुढे जाते. एफसीकमुळे ते उचलून हव्या त्या जागी ठेवता येते. या फंक्शनला तीन गोष्टी सांगाव्या लागतात : कोणती फाइल, किती बाइट अंतर आणि ते कोठून मोजायचे. सीक_सेट म्हणजे आरंभापासून, सीक_कर म्हणजे सध्याच्या स्थानापासून आणि सीक_एंड म्हणजे शेवटापासून. अंतर ऋण असल्यास स्थान मागे येते. काम झाल्यास शून्य परत मिळते, अन्यथा शून्येतर संख्या. एफटेल सध्याचे स्थान सांगते आणि अपयश आल्यास उणे एक देते. रिवाइंड आरंभाशी नेते, परंतु काहीच उत्तर देत नाही. म्हणून काम झाले की नाही हे कळणे आवश्यक असेल, तेथे एफसीकच वापरणे बरे.

उदाहरण

मध्य रेल्वेवरील कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही पाच नावे प्रत्येकी ४० बाइटांच्या नोंदींत, द्विमान (बायनरी) पद्धतीने उघडलेल्या फाइलमध्ये ठेवली आहेत असे समजू. नोंदींचे क्रमांक शून्यापासून असल्याने अंबरनाथची नोंद १२० व्या आणि बदलापूरची १६० व्या स्थानी सुरू होते. बदलापूर हवे असल्यास आधीच्या चार नोंदी वाचण्याचे कारण नाही; आरंभापासून १६० बाइट पुढे जावे आणि ४० बाइट वाचावेत.

दुरुस्ती करताना मात्र घात होतो. अंबरनाथची नोंद वाचली की स्थान १६० वर आलेले असते. तेथेच दुरुस्त नोंद लिहिली, तर अंबरनाथ जुनेच राहते आणि बदलापूर पुसले जाते. संगणक कोणतीही तक्रार करत नाही. म्हणून लिहिण्यापूर्वी सीक_करच्या आधारे ४० बाइट मागे यावे लागते. वाचन व लेखन दोन्हींसाठी उघडलेल्या फाइलमध्ये वाचनानंतर लगेच लेखन करायचे असल्यास मध्ये स्थानबदल करावा, असा प्रमाणाचाही नियम आहे (वाचन फाइलच्या अखेरीस पोहोचले असेल तर तो लागू नाही). लेखनानंतर वाचायचे असल्यास स्थानबदल किंवा एफफ्लश आवश्यक असते.

एफसीकने जागा 'तयार' होत नाही, हेही विद्यार्थी विसरतात. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या दरम्यान नियोजित असलेले चिखलोली स्थानक या यादीत घालायचे झाल्यास १६० व्या स्थानी जाऊन लिहिणे उपयोगाचे नाही, कारण बदलापूर नाहीसे होईल. आधी बदलापूरची नोंद २०० व्या स्थानी न्यावी लागते. यादी लांब असल्यास शेवटच्या नोंदीपासून उलट क्रमाने एकेक नोंद सरकवावी लागते.

तसेच 'ए' म्हणजे जोड पद्धतीने उघडलेल्या फाइलमध्ये स्थान कोठेही नेले, तरी लेखन शेवटीच होते.

देवनागरी मजकूर

इंग्रजी पुस्तकांतील उदाहरणे एक अक्षर म्हणजे एक बाइट असे धरून चालतात. यूटीएफ-८ पद्धतीत मात्र देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'अंबरनाथ' या शब्दात अ, अनुस्वार, ब, र, न, काना व थ अशी सात चिन्हे, म्हणजे २१ बाइट आहेत. 'उल्हासनगर'ला २७, तर 'विठ्ठलवाडी'ला ३० बाइट लागतात. नावासाठी २० बाइट राखणाऱ्याच्या फाइलमध्ये अंबरनाथमधील 'थ'चा एक बाइट कापला जातो आणि पडद्यावर प्रश्नचिन्ह किंवा चौकोन उमटतो. शब्दाच्या आरंभापासून १० बाइट पुढे गेल्यास स्थान 'र'च्या मधोमध पडते. म्हणून मराठी मजकुरात अक्षरे मोजून एफसीक वापरू नये. साध्या मजकूर-फाइलमध्ये प्रमाणानुसार शून्य अंतर किंवा एफटेलने पूर्वी दिलेले स्थान (सीक_सेटसह) एवढेच भरवशाचे आहे. विंडोजवर ओळीच्या शेवटी दोन बाइट असतात आणि वाचताना त्यांचा एकच होतो, त्यामुळेही हिशेब चुकतो.

मर्यादा

एफसीकमधील अंतर 'लाँग' प्रकारचे असते. विंडोजवर हा प्रकार ३२ बिटांचा असल्याने २,१४,७४,८३,६४७ बाइटांच्या पुढे थेट जाता येत नाही. युनिक्सवर्गीय प्रणालींत यासाठी एफसीकओ हे फंक्शन आहे. अशीच अडचण युनिक्सच्या आरंभकाळातही आली होती. तेव्हाच्या 'सीक' या सिस्टिम कॉलला १६ बिटांची संख्या अपुरी पडू लागल्याने १९७९ च्या सातव्या आवृत्तीत 'एलसीक' होते, आणि त्यातील 'एल' हे अक्षर 'लाँग'चेच आहे.