म्होरकी : ओढण्याची नव्हे, सैल सोडण्याची विद्या

आपल्या वर्धा जिल्ह्यातील आर्वी, आष्टी व कारंजा (घाडगे) हा भाग गवळाऊ गोवंशाचे माहेरघर म्हणून ओळखला जातो. पांढरे-करडे, हलक्या बांध्याचे, चालीला चपळ असे हे जनावर. परंतु रानात आईमागे वाढलेल्या, माणसाचा हात न लागलेल्या गोऱ्ह्याला पहिली म्होरकी घालताना अनेक घरी ओढाताण होते. माझ्या लहानपणी आमच्या गोऱ्ह्याला चौघांनी धरून खुंट्याला बांधले. तो रात्रभर झटे देत राहिला. पुढे औताला लागला. पण डोक्याकडे हात नेला की अखेरपर्यंत बिचकत असे. तो हट्टी नव्हता. घाई आमची होती.

गाय-बैल काय किंवा घोडा काय, भीती वाटताच पळून जीव वाचविणारे हे प्राणी. त्यांना दोन्ही बाजूंचे बरेच दिसते. परंतु थेट पाठीमागचे व कपाळासमोर अगदी जवळचे दिसत नाही. म्हणून खांद्याच्या बाजूने, हळू बोलत जवळ जावे. प्रथम चार-सहा दिवस हातून चारा द्यावा, मान व पोळी खाजवावी. मग तोच हात दोरासह फिरवावा. दोराची भीती गेली की म्होरकी घालावी. नाकावरचा पट्टा हाडावर असावा, नाकपुडीवर नसावा. आत दोन बोटे सहज जावीत. जनावर वाढते, म्हणून दर आठवड्यास ती सैल करून पाहावी.

आता मुख्य गोष्ट. दोर किंचित ताणून धरावा. झटका देऊ नये. गोऱ्ह्याने एक पाऊल टाकले की त्याच क्षणी दोर सैल सोडावा. सैल झालेला दोर हेच त्याचे बक्षीस. ओढल्याने त्याला फक्त ताण कळतो. सुटल्याने काय करायचे ते कळते. तो अडून बसला तर सरळ न ओढता बाजूला वळवावे. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत. दोर हाताला कधीही गुंडाळू नये, आणि चालायला शिकण्यापूर्वी त्याला खुंट्याला बांधून एकटे सोडू नये.

प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार जनावरास फार आखूड वा जड दोराने अवाजवी काळ बांधून ठेवणे हासुद्धा गुन्हा आहे.

घोड्याच्या शिंगरालाही हीच रीत लागू पडते. घोडे शिकविणाऱ्या केसीचा व भगवान बुद्धांचा संवाद अंगुत्तर निकायात आहे. कोणत्याच उपायाने न वळणाऱ्या घोड्याला आपण मारून टाकतो, असे केसी सांगतो. तथागत मात्र न वळणाऱ्या माणसाला उपदेश करणे थांबवितात. त्यांच्या मार्गात हीच मोठी शिक्षा. हात उगारणे तेथे नाही.

विद्यार्थी मित्रांनी हे ध्यानात ठेवावे. उद्या आपल्या हातीही कोणाचा तरी दोर येईल : वासराचा, धाकट्या भावाचा किंवा हाताखालच्या माणसाचा. त्याने पहिले पाऊल टाकले की तो सैल सोडायला विसरू नये.