बिटएक्सचा रविवार

सकाळी 7. बिटएक्स या घरी जुळवायच्या हौशी रेडिओ संचाचे भाग आधी निवडून ठेवायचे. रेझिस्टरवरची लाल पट्टी आणि नारिंगी पट्टी ट्यूबलाइटखाली सारखीच दिसते, म्हणून हे काम खिडकीच्या उजेडात करावं. 104 छापलेले कपॅसिटर, म्हणजे 0.1 मायक्रोफॅरॅडचे, सर्वांत जास्त लागतात. ते वेगळ्या वाटीत.

9. ऑडिओ. एलएम 386 ही अँप्लिफायरची चिप आणि तिच्या भोवतीचे भाग डाख देऊन बसवले, स्पीकर जोडला, 12 व्होल्ट दिले. इनपुटला बोट लावलं की स्पीकर घूं करतो. तो घुमल्याशिवाय पुढचा एकही भाग लावत नाही. सगळं जोडून झाल्यावर पहिल्यांदा वीज दिली, तर बिघाड शोधायचा कुठे?

10.30. कॉइल. दिवसाचा मोठा वाटा इथेच जातो, आणि जाऊ द्यावा. मिक्सरच्या ट्रान्सफॉर्मरसाठी तीन तारा एकत्र पिळून टोरॉइडच्या कड्यावर गुंडाळायच्या. कड्याच्या आतून तार जितक्यांदा गेली तितके वेढे. बाहेरून मोजलं की हमखास चुकतं. टोकांवरचं इनॅमल पातीने खरवडायचं, मग मल्टिमीटर लावून कुठली सुरुवात कुठल्या शेवटाशी जुळते ते पाहायचं. हैदराबादच्या अशर फरहान यांनी मूळ बिटएक्सची कॉइल नळाच्या वॉशरवर गुंडाळली होती, कारण आपल्याकडे टोरॉइड सहज मिळत नसत. मिळेल त्या वस्तूंतून रेडिओ उभा राहावा, हा विचार मला या आराखड्यात सर्वांत मोलाचा वाटतो.

1.30. जेवण.

2.15. बिटएक्सची खरी गंमत आता. ऐकताना आणि बोलताना तेच फिल्टर, तेच अँप्लिफायर. सिग्नल फक्त उलट दिशेने जातो. त्यामुळे भाग कमी लागतात आणि रिसीव्हर नीट चालला की निम्मा ट्रान्समीटर तपासून होतो. फिल्टरचे क्रिस्टल ऑसिलेटरमध्ये एकेक लावून फ्रिक्वेन्सी लिहून घेतली; एकमेकांच्या जवळचे तेवढे निवडले.

4.30. गच्चीवर डायपोल तयारच आहे. 7 मेगाहर्ट्झसाठी एका बाजूला सुमारे 10 मीटर तार. केबल जोडली, व्हीएफओ, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलणारा ऑसिलेटर, हळूच फिरवला, खरखरीतून माणसाचा आवाज उमटला. मुलीला हाक मारली, हेडफोन तिच्या कानाला लावला.

6.30. आयआरएफ 510, ट्रान्समीटरचा पॉवर ट्रान्झिस्टर. त्याची धातूची पाठ ड्रेनला जोडलेली असते, म्हणून ती आणि हीटसिंक यांच्यामध्ये अभ्रकाचा तुकडा हवाच. बायसचा प्रीसेट शून्यावर ठेवून वीज दिली आणि मीटर पाहत विद्युतप्रवाह सुमारे 100 मिलिअँपिअरने वाढवला.

8. अँटेना काढली, 50 ओहमचा डमी लोड लावला, माइकमध्ये बोललो. शेजारच्या रिसीव्हरवर आवाज स्वच्छ आला.

हवेत बोलायला मात्र केंद्राच्या दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. त्याच्या परीक्षेला 12 वर्षांचं मूलही बसू शकतं. घरात असं मूल असेल तर डाख द्यायला शिकवतानाच त्याच्या परीक्षेचा अभ्यासही सुरू करून द्या.