दोन देशांनी मिळून घडवलेलं बालनाटक

बेंगळुरूच्या जे. पी. नगरात 2004 साली 'रंगशंकरा' हे नाट्यगृह उभं राहिलं. अभिनेते शंकर नाग यांच्या स्मरणार्थ अरुंधती नाग यांनी ते उभारलं. दोघांनीही मुंबईत मराठी रंगभूमीवर काम केलं होतं. इथल्या 'आहा!' या उपक्रमातून मुलांसाठी सातत्यानं नाटकं होतात.

2011-12 च्या सुमारास 'रंगशंकरा'नं जर्मनीतल्या मानहाइम शहरातल्या 'श्नाव्हल' या बालरंगभूमीबरोबर 'द बॉय विथ अ सूटकेस' हे नाटक केलं. लेखक ब्रिटनचे माइक केनी, दिग्दर्शिका आंद्रेआ ग्रोनेमायर, तर नट आणि वादक दोन्ही देशांचे. युद्धामुळे घर सोडून लंडनकडे निघालेल्या नाझ या मुलाची ही गोष्ट. सिंदबादच्या सफरी आठवत तो धीर धरतो.

अशा नाटकात संहिता हाती असली, तरी प्रयोग तालमीतच घडतो. नट प्रसंग उत्स्फूर्तपणे करून पाहतात, वादक तिथल्या तिथे साथ शोधतात, दिग्दर्शक त्यातलं नेमकं तेवढं ठेवतो. भाषा वेगळ्या असल्या की हालचाल, ताल आणि मोजक्या वस्तू अर्थ पोचवतात. एक पेटी होडीही होऊ शकते. मुलांना हे सहज पटतं, कारण त्यांचा खेळही असाच चालतो.

शाळेतही हे जमेल. गोष्ट निवडा, मुलांना गटागटानं प्रसंग रचू द्या, मग धाकट्या वर्गासमोर करून पाहा. बघणारी मुलं जिथे चुळबुळतात, तो प्रसंग पुन्हा बांधा. मुलांच्या सूचना मनापासून ऐकल्या, तरच ते नाटक त्यांचं होतं.