दगड, ऋतू आणि छाटणीची कात्री

जबलपूरच्या छावणी भागातील बडा शिमला या टेकडीवर १८२८ साली विल्यम स्लीमन यांना जी अश्मीभूत हाडे सापडली, ती भारतात उजेडात आलेल्या डायनोसॉरच्या अवशेषांपैकी पहिली होत, ही हकीकत इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. परंतु ज्या लमेटा थरात ती हाडे होती, त्याच्या माथ्यावर बसलेल्या काळ्या दगडाची चौकशी फारसे कोणी करीत नाही. सुमारे सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्हारसाचे जे प्रचंड लोट एकामागून एक पसरले, त्यांचा हा पूर्वेकडील अवशेष असून, येथून पश्चिमेस सह्याद्रीपर्यंत गेले असता नाशिकच्या मुलखात तोच बेसाल्ट पायाखाली लागतो आणि त्याच्याच झिजेतून झालेल्या मातीवर दिंडोरी-निफाडचे द्राक्षमळे उभे आहेत. दगड एकच असताना एका टोकास गहू, हरभरा व वाटाणा, तर दुसऱ्या टोकास द्राक्ष आणि वाइन, असा भेद का पडावा, हा प्रश्न जबलपूरकराने विचारण्याजोगा आहे.

उत्तर शोधताना आधी फ्रान्सकडे पाहावे. तेथील द्राक्षोत्पादक ग्रामीण प्रदेशांबद्दल जे विपुल लेखन झाले आहे, ते वाचून सामान्य वाचकाची अशी समजूत होते की, तेथे सारा मान दगडाचा आहे. शँपेन प्रांतातील खडूचे थर बडा शिमल्याच्या हाडांप्रमाणेच क्रिटेशस कल्पातले. उथळ उबदार समुद्रात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांची चुनखडी कवचे तळाशी साचत जाऊन ते बनले. परंतु या खडूची खरी कामगिरी चवीपेक्षा पाण्याची आहे. एका घनमीटर खडूत तीनशे ते चारशे लिटर पाणी सामावते व कोरड्या दिवसांत ते मुळांना हळूहळू मिळत राहते. म्हणजे वेल तहानेने मरतही नाही आणि पाण्यात कुजतही नाही. नाशिककडे हेच काम निराळ्या रीतीने मुरूम करतो. बेसाल्ट झिजून झालेला हा भरड थर पाण्याचा झपाट्याने निचरा करतो, म्हणून जाणता बागायतदार मुरमाड उताराची जमीन पसंत करतो. त्याच बेसाल्टपासून झालेली खोल काळी चिकणमाती मात्र पाणी शोषून फुगते, उन्हात भेगाळते आणि पावसाळ्यात मुळांची हवाच कोंडून टाकते. दगडाचा अधिकार आहे तो एवढाच. उरलेला कारभार ऋतूकडे आणि माणसाच्या हाताकडे आहे.

फ्रान्समध्ये ऋतूचा कारभार हिवाळा पाहतो. दिवस लहान होऊन थंडी पडू लागली की द्राक्षाची पाने गळतात, वेल निद्रिस्त होते आणि वसंतात तिचे सगळे डोळे जवळजवळ एकाच वेळी फुटतात. मग जूनच्या सुमारास फुलोरा आणि शरदाच्या आरंभी तोडणी, असा क्रम शतकानुशतके चालत आला आहे. त्या तोडणीची तारीख ही गावाच्या जीवनातली मोठी सरकारी बाब असे. पंचांनी मळे पाहून दिवस मुक्रर करावयाचा आणि त्यापूर्वी कोणीही घड तोडावयाचा नाही, अशी बर्गंडीतील अनेक गावांची वहिवाट होती. या प्रांतातील बोन या नगराच्या दप्तरांतून, मजुरांच्या रोजाच्या हिशेबांतून आणि नगरसभेच्या कागदांतून संशोधकांनी १३५४ पासून २०१८ पर्यंतच्या तोडणीच्या तारखांची मालिका जुळविली व २०१९ साली ती प्रसिद्ध केली. वसंत व उन्हाळा जितका उष्ण तितके द्राक्ष लवकर पिकते, या साध्या नियमामुळे त्या कारकुनी नोंदी तापमानाच्या नोंदींइतक्याच बोलक्या ठरल्या. १९८७ पर्यंत बोनची तोडणी सरासरीने २८ सप्टेंबरच्या आसपास सुरू होत असे; १९८८ पासून ती सरासरी तेरा दिवस अलीकडे आली आहे.

नाशिकच्या वेलीला अशी निद्राच नाही. वीस अंश अक्षांशावर हिवाळा इतका सौम्य की, तिला मोकळे सोडले तर ती शेंड्याकडे वाढतच राहील, खालचे डोळे मुके राहतील आणि घड येईल तेव्हा येईल, न येईल तेव्हा न येईल. म्हणून तेथे हिवाळ्याची कामगिरी कात्रीने करावी लागते आणि तीही वर्षातून दोनदा. एप्रिलमधील खरड छाटणीत ओलांड्यावरील, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवरील, काड्या एका डोळ्यावर आणून ठेवतात; पोळत्या उन्हात नवी काडी फुटते आणि पुढील दीड-दोन महिन्यांत, बाहेरून काहीही दिसत नसताना, तिच्या डोळ्यांच्या पोटात सूक्ष्म घडाचे बीज आकार घेते. या काळात उजेड कमी पडला, तर तेथे घडाऐवजी नुसता ताणा तयार होतो आणि पुढे कितीही खत ओतले तरी ही चूक दुरुस्त होत नाही. पावसाळा ओसरला की ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी येते. मजूर प्रत्येक काडी निरखून गर्भधारणा झालेल्या डोळ्याच्या किंचित वर कात्री चालवतात आणि हातमोजे घालून त्या निवडक डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. हे रसायन थंडीने जागे होण्याची डोळ्याची गरज भागवते. दहा-बारा दिवसांत कोंब दिसतो आणि साधारण जानेवारी ते मार्चमध्ये, निफाडच्या कडाक्याच्या रात्रींनी रसातील आम्लता राखून ठेवलेली असताना, वाइनचे द्राक्ष तोडणीस येते. पेठ-सुरगाण्याकडून छाटणीसाठी उतरणाऱ्या मजुरांच्या टोळ्यांचा हात जर सुटला, तर या मुलखाचा ऋतूच चुकतो.

फ्रान्सशी या मुलखाचा संबंध नुसता तुलनेचा नाही. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावी शँपेन प्रांतातील पायपर-हाइडसिक या घराण्याच्या तंत्रसाहाय्याने फसफसणारी वाइन सिद्ध केली; महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण जाहीर करून विंचूर व पलूस येथे वाइन पार्क उभारले; आणि २०१३ मध्ये शाँदों या फ्रेंच घराण्याने दिंडोरीची फसफसती वाइन बाजारात आणली. तरीही फ्रान्सकडून उसने घेता येण्याजोगी गोष्ट यंत्रसामग्रीपेक्षा निराळी आहे. तेथे १९३५ च्या कायद्याने नामांकित द्राक्षप्रदेशांची हद्द, वाण आणि लागवडीची रीत ठरवून देण्याची व्यवस्था लावली. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट दस्तऐवजात उतरवली. मुलखाचे व्यक्तिमत्त्व ज्याला म्हणतात, ते अशा लिहून ठेवलेल्या सवयींवरच पुष्कळसे उभे असते.

या दृष्टीने पाहिले असता जबलपूरच्या काळ्या जमिनीचीही अशीच एक सवय होती. येथे पाऊस वर्षास सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास, निफाडच्या पट्ट्याच्या दुपटीहून अधिक. इतक्या पाण्यात चिकण मातीवर द्राक्षाची वेल तग धरणार नाही. म्हणून येथील शेतकऱ्याने पाण्याशी निराळा तह केला. हवेली पद्धतीत शेताला उंच बांध घालून जुलै ते सप्टेंबर पाणी कोंडून ठेवीत. तण त्याखाली कुजे, माती खोलवर ओल धरी, आणि ऑक्टोबरात वरच्या बंधियापासून, म्हणजे बांध घातलेल्या शेतापासून, खालच्यापर्यंत क्रमाने पाणी सोडून त्या ओलीवरच, सिंचनाविना, गहू, हरभरा व मसूर पिकवीत. वरच्याचे पाणी खालच्याच्या शेतात उतरणार असल्याने बांध फोडण्याचा दिवस शेजाऱ्यांच्या संमतीवाचून ठरत नसे. बोनचे पंच जे तोडणीच्या बाबतीत करीत, तेच येथे पाण्याच्या बाबतीत चाले. नलिका-विहिरी, सोयाबीन आणि भात यांच्या आगमनानंतर ही पद्धत मागे हटली आहे.

आता हवामान बदलत असल्याचे दोन्हीकडे अनुभवास येते. नाशिककडे ऑक्टोबरातील लांबलेला पाऊस कोवळ्या घडावर केवडा रोग आणतो, म्हणून बागायतदार एकाच मळ्याची छाटणी निरनिराळ्या तारखांना करून धोका वाटून घेतो. या तारखा तो आपल्या रोजनिशीत नोंदवतो, कारण औषधफवारणीचा सारा हिशेब छाटणीच्या दिवसापासून धरावयाचा असतो. पण हंगाम संपला की ती वही माळ्यावर जाते. बोनच्या कारकुनांनाही आपण तापमानाचा इतिहास लिहीत आहोत याची कल्पना नव्हती; त्यांनी केले एवढेच की, कागद जपून ठेवले. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने या रोजनिशा आणि जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाने हवेलीच्या गावांतील बांध फोडण्याच्या तारखा, म्हाताऱ्या माणसांच्या हयातीतच, गोळा करावयास घेतल्या, तर दख्खनच्या एकाच दगडावरील दोन मुलखांचे ऋतू कसे सरकले याचा आपला असा दाखला तयार होईल. त्यासाठी लागणारी साधने महाग नाहीत, फक्त वह्या रद्दीत जाण्याआधी हात चालला पाहिजे.