वेल्डिंगच्या आरेखनातील ‘अलीकडे’ आणि ‘पलीकडे’

ठाण्यात राहणारा मनुष्य कळव्याला खाडीपलीकडचे म्हणतो. कळव्याचा रहिवासी तेच विशेषण ठाण्याला लावतो. खाडी तीच, गावेही तीच. बोलणारा कोठे उभा आहे एवढाच काय तो भेद. कार्ल ब्यूलर याने १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बोलणाऱ्याच्या या स्थानाला ‘ओरिगो’, म्हणजे निर्देशाचा मूळबिंदू, असे नाव दिले. ‘येथे’, ‘तेथे’, ‘अलीकडे’, ‘पलीकडे’ या शब्दांचा अर्थ हा बिंदू ठाऊक असल्यावाचून लागत नाही. वेल्डिंगची चिन्हे वाचावयास शिकणाऱ्याची मुख्य अडचण याच जातीची आहे. चिन्हे पाठ नसल्यामुळे चुका होतात हा रूढ समज म्हणूनच अपुरा ठरतो.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली औद्योगिक वसाहत ठरली. पुढे डोंबिवलीत रसायनांचे कारखाने उभे राहिले, आणि रसायनाचा कारखाना म्हटला की टाक्या, नळ व पोलादी सांगाडे आलेच. या परिसरात वेल्डिंगचा व्यवसाय शिकविणाऱ्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. तो अभ्यासक्रम एक वर्षाचा असतो. (सरकारी जाहिराती वेल्डरला ‘संधाता’ म्हणतात, कारखान्यात या नावाने हाक मारल्यास कोणी वळूनही पाहणार नाही.) या वर्षभरात हाताला वळण लागते, परंतु आरेखनाची लिपी तेवढ्याच अवधीत अंगवळणी पडतेच असे नाही.

या लिपीची वाक्यरचना थोडक्यात अशी : एक बाणरेषा सांध्याला टेकते, तिला आडवी संदर्भरेषा जोडलेली असते आणि त्या रेषेवर सांध्याचे चिन्ह बसते. चिन्हाच्या डावीकडे आकारमान, उजवीकडे लांबी. पीर्सने केलेले चिन्हांचे तिन्ही भेद येथे एकत्र नांदतात. कोपऱ्यात भरावयाच्या फिलेट सांध्याचा त्रिकोण हा त्या सांध्याच्या छेदाची प्रतिमा आहे. बाण हा निर्देशक आहे. आणि रेषांच्या संगमावरील निशाण, ज्याचा अर्थ ‘हा सांधा उभारणीच्या जागी करावा’ असा आहे, तो निव्वळ संकेत आहे. प्रतिमाही संकेताला शरण जातेच. त्रिकोणाची उभी बाजू नेहमी डावीकडेच काढतात, मग बाण कोणत्याही दिशेने येवो. ज्या लिपीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहून नंतर उच्चारतात, तिच्या वाचकाला याचे नवल वाटू नये.

अडचण येते ती रेषेच्या वर आणि खाली या स्थानांपाशी. अमेरिकी पद्धतीत चिन्ह रेषेखाली असेल तर सांधा बाणाच्या बाजूस, आणि वर असेल तर विरुद्ध बाजूस करावयाचा असतो. नवशिका रेषेखालील त्रिकोण पाहतो आणि प्लेटीच्या खालच्या अंगाला हात घालतो. चिन्ह त्याने बरोबर ओळखलेले असते. चुकतो तो मूळबिंदू. ‘खाली’ हा शब्द तो कागदावरून उचलतो आणि लोखंडाला लावतो. वस्तुतः बाण वरून येऊन टेकला असेल, तर रेषेखालचे चिन्ह प्लेटीच्या वरच्याच अंगाविषयी बोलत असते. येथे मूळबिंदू वाचणाराही नाही आणि कागदही नाही. तो आहे बाणाचे टोक. इंग्रजीतील संज्ञांचे ‘बाणबाजू’ आणि ‘इतर बाजू’ असे शब्दशः भाषांतर करण्यापेक्षा ‘अलीकडे’ आणि ‘पलीकडे’ हे शब्द अधिक उपयोगी पडावेत. कारण ते उच्चारताच ‘कोणाच्या अलीकडे?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

यात भर पडते ती पद्धतींच्या भेदाची. युरोपीय वळणाच्या आरेखनात अखंड संदर्भरेषेला समांतर अशी एक तुटक रेषा असते. अखंड रेषेवरील चिन्ह अलीकडचे, तुटक रेषेवरील पलीकडचे. तुटक रेषा खाली काढली असेल तर अखंड रेषेच्या वर बसलेला त्रिकोण ‘अलीकडे’ सांगतो. अमेरिकी आरेखनात तोच वरचा त्रिकोण ‘पलीकडे’ सांगतो. आयएसओ २५५३ या मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीने यांपैकी एकीला बाद न करता दोन्ही पद्धती ‘ए’ आणि ‘बी’ म्हणून शेजारी ठेवल्या. यास्तव आरेखनाच्या नामचौकटीत किंवा टिपांत कोणते मानक नोंदले आहे, हे पाहिल्याखेरीज एकही त्रिकोण वाचू नये. भाषा कोणती हे ठरण्यापूर्वीच शब्दाचा अर्थ सांगण्यासारखे ते होईल.

एका अक्षराची गोष्टही याहून निराळी नाही. आयएसओच्या पद्धतीत फिलेटच्या आकड्यापूर्वी ‘झेड’ असेल तर तो आकडा प्लेटीवर टेकलेल्या बाजूची लांबी दर्शवितो. ‘ए’ असेल तर सांध्याच्या मुळापासून पृष्ठभागापर्यंतची लघुतम जाडी. समभुज पायांच्या काटकोनी फिलेटमध्ये ही जाडी बाजूच्या सुमारे ०.७ पट भरते. म्हणजे ‘ए ६’ करिता बाजू सुमारे ८.५ मिलिमीटर हवी. ते ‘झेड ६’ असे वाचून काम केले तर जाडी ४.२ मिलिमीटरच मिळते, आणि छेदातील धातू निम्म्यावर येतो. उलट चूक झाल्यास दुप्पट धातू ओतला जातो व अधिक उष्णतेने प्लेट वाकते. दुसरी चूक निदान वाकलेल्या प्लेटीवरून उघडकीस येते. पहिलीत सांधा गुळगुळीत, सरळ आणि निर्दोष दिसतो, आणि गेज लावल्याखेरीज त्याचा उणेपणा सहसा लक्षात येत नाही.