वाकलेली पिन

आमच्या घरात एखादे यंत्र बिघडले, की ‘काय बिघडले?’ हा प्रश्न मागून येतो. ‘कुणी हात लावला होता?’ हा आधी विचारला जातो. इंदुरात आमची ही चौथी पिढी. बोलण्यात हिंदी मिसळली, पोह्यांवर शेव आली, पण ही रीत काही बदलली नाही. शाळेत तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवूनही मी त्या रीतीचाच पाईक आहे, हे गेल्या पौषात एका मदरबोर्डने मला दाखवून दिले.

नातू अकरावीत गेला आणि त्याने संगणकाचा हट्ट धरला. तोही तयार नको; सुटे भाग आणून स्वतःच्या हातांनी जुळवलेला हवा. वाढदिवसांचे साठवलेले पैसे त्याने पुढे केले, उरलेले मी माझ्या निवृत्तिवेतनातून घातले. बाजारात दोन फेऱ्या झाल्या आणि एका रविवारी जेवणाच्या टेबलावर सगळा संसार मांडला गेला : प्रोसेसर, मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या रॅमच्या दोन पट्ट्या, डिस्क, एसएमपीएस आणि कॅबिनेट. दुपारी मी वामकुक्षीला गेलो. चार वाजता उठून पाहतो, तो जुळणी पूर्ण झालेली. बटण दाबले. पंखा फिरला, दिवा लागला. पडदा मात्र काळाच.

मुलगा म्हणाला, “मदरबोर्ड गेला.” सौ.चे मत, दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला. नातू काहीच बोलला नाही. त्या गप्प राहण्याचा अर्थ मला तीन दिवसांनी कळला.

आरोप करण्यापूर्वी

मदरबोर्ड म्हणजे संगणकाचे ओसरी-माजघर. प्रोसेसर, स्मृती, डिस्क, पडदा, कळफलक या सर्वांचे एकमेकांशी बोलणे घडवून आणणे आणि त्यांतल्या काहींना वीज पोहोचवणे, हे त्याचे काम. १९८१ साली आय.बी.एम.ने आपला पहिला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला. त्याच्या मुख्य पाटावर जादा कार्डे खोचण्यासाठी पाच खाचा होत्या. हवा तो भाग आणून जोडावा, ही सोय त्या यंत्राने घरोघरी नेली. १९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ हे माप ठरवून दिले आणि एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटात बिनतक्रार बसू लागला. घरच्या जुळणीचा सारा खेळ या मापावर उभा आहे.

पण सर्वांच्या मध्ये बसणाऱ्यावर सर्वांचा ठपका येतो. यंत्र सुरू झाले नाही की पहिला संशय मदरबोर्डावर, आणि पुष्कळदा तो निर्दोष असतो. म्हणून मी वहीत एक यादी केली. वाचकांपैकी कुणाच्या घरी असा प्रसंग आला तर ती उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट विजेच्या जोडण्यांची. बोर्डाला चोवीस पिनांची मोठी जोडणी लागते, ती कुणी विसरत नाही. प्रोसेसरजवळच्या कोपऱ्यातली आठ पिनांची वेगळी जोडणी मात्र हमखास विसरली जाते. मग पंखे फिरतात आणि पुढे काही घडत नाही. दुसरी गोष्ट पडद्याच्या तारेची. काही प्रोसेसरांत चित्र काढण्याची सोय नसते (इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या क्रमांकाअखेर ‘एफ’ असतो ते या जातीचे), तिथे ग्राफिक्स कार्डावाचून पडदा उजळायचा नाही. तिसरी, रॅमची. पट्टी दोन्ही टोकांना ‘टक्’ असा आवाज येईतो दाबावी लागते. अर्धवट बसलेली पट्टी डोळ्यांना बसल्यासारखीच दिसते. शिवाय डीडीआर-५ जातीची रॅम असेल तर पहिल्या वेळी यंत्र स्मृतीची पारख करण्यात काही मिनिटे घालवते आणि तोवर पडदा काळा राहतो. घाबरून वीज बंद करणारा माणूस चांगल्या बोर्डाला मृत ठरवून मोकळा होतो.

चौथी गोष्ट बायॉसची. बोर्ड जुन्या साठ्यातला आणि प्रोसेसर त्याच्यानंतर निघालेला असेल, तर बोर्ड त्याला ओळखतच नाही. बायॉस अद्ययावत केले की ओळख पटते. आणि पाचवी, कॅबिनेटातील पितळी खुंट्यांची. बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून तो या खुंट्यांवर बसवतात. जिथे बोर्डाला भोक नाही अशा जागी एखादी खुंटी राहून गेली, तर ती मागच्या बाजूच्या डाखांना टेकते आणि शॉर्ट सर्किट होते.

ही सगळी शोधाशोध करताना एकच नियम : एका वेळी एकच बदल. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झाले, तर आनंद होतो. ज्ञान होत नाही.

अर्धी स्मृती

दुसऱ्या दिवशी आम्ही बोर्ड कॅबिनेटातून बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. माळव्यातली पौषातली हवा कोरडी. अंधारात लोकरीचा स्वेटर काढताना चटचट ठिणग्या उडतात. ती स्थिर वीज सुमारे तीन हजार व्होल्टांच्या खाली असेल तर आपल्याला जाणवतही नाही, पण नाजूक इलेक्ट्रॉनिक भागांना शंभर व्होल्टही भारी पडू शकतात. म्हणून दोघांनीही स्वेटर उतरवले, आणि बोर्डाला हात लावण्यापूर्वी दर वेळी अर्थिंग असलेल्या यंत्राच्या उघड्या पत्र्याला स्पर्श केला.

प्रोसेसर, पंखा आणि रॅमची एकच पट्टी एवढेच ठेवून वीज दिली. पडदा उजळला! पट्टी दुसऱ्या खाचेत घातली, पुन्हा काळोख. पट्टी बदलून पाहिली, तरी तेच. म्हणजे दोन्ही पट्ट्या चांगल्या आणि दुसरी खाच निकामी. दोन्ही पट्ट्या लावल्या तर यंत्र कधी मुळीच उठत नसे, कधी उठे आणि सोळाऐवजी आठच जीबी दाखवी.

“खाचच खराब निघाली. उद्या दुकानात जाऊन खडसावतो,” मी म्हणालो. नातवाने मान खाली घातली.

रात्री झोप येईना, तेव्हा विचार केला. पूर्वी स्मृतीचा कारभार मदरबोर्डावरच्या एका वेगळ्या चिपकडे असे. एएमडीने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये तो घरच्या संगणकांतही प्रोसेसरच्या पोटात हलवला. म्हणजे आता रॅमच्या खाचेतून निघालेले धागे बोर्डावरून थेट प्रोसेसरच्या सॉकेटात जातात. तेव्हा मुकी झालेली खाच दिसते एकीकडे, आणि दुखणे असते दुसरीकडे.

सॉकेटाचीही एक कथा आहे. पूर्वी पिना प्रोसेसरच्या पोटाला असत आणि बोर्डावर भोके. इंटेलने २००४ मध्ये उलट केले : प्रोसेसर सपाट झाला आणि पिना बोर्डावर आल्या. एएमडीनेही २०२२ मध्ये घरच्या संगणकांसाठी तीच वाट धरली. आमच्या बोर्डावर अशा सतराशे पिना आहेत, केसासारख्या बारीक, एका दिशेला कललेल्या. त्यांवर बोट टेकले, रुमालाचा धागा अडकला किंवा प्रोसेसर तिरपा पडला, की त्या वाकल्याच. म्हणूनच नव्या बोर्डाच्या सॉकेटावर प्लॅस्टिकचे झाकण असते.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रोसेसर उचलला, मोबाइलच्या दिव्याचा प्रकाश तिरपा टाकला आणि भिंग लावले. चांगल्या पिना वाऱ्यावर एकाच बाजूला झुकलेल्या गव्हाच्या शेतासारख्या चमकतात. त्या शेतात एका कडेला दोन लोंब्या वेगळ्याच दिशेला पडलेल्या होत्या. त्यांतली एक शेजारणीला जवळजवळ टेकलेली.

“आजोबा,” नातू हळूच म्हणाला, “तुम्ही झोपला होतात तेव्हा प्रोसेसर माझ्या हातातून निसटला होता. उचलला आणि बसवला. वाटलं, काही झालं नसेल.”

मी रागावणार होतो. तेवढ्यात आठवले, की गेले तीन दिवस घरात ‘हे कुणी केले?’ याखेरीज दुसरे काही बोललेच गेले नव्हते. त्याने बोलावे कसे? आणि न बोलण्याची किंमतही मोठी पडली असती. वाकलेली पिन शेजारणीला टेकली असताना वीज सोडली, तर बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही जळू शकतात. आम्ही तीन दिवसांत वीस वेळा वीज सोडली होती. वाचलो ते नशिबाने.

झाकण लावून परत?

दुपारी मुलाने एक तोडगा सुचवला. प्लॅस्टिकचे झाकण पुन्हा बसवावे, बोर्ड खोक्यात घालावा आणि ‘असाच निघाला’ म्हणून परत द्यावा. कोण पाहतो? नातू माझ्याकडे बघत राहिला. त्याने नुकतेच खरे सांगितले होते. आता मी काय करतो, हे त्याला पाहायचे होते.

आम्ही दोघे दुकानात गेलो आणि जे घडले ते सांगितले. दुकानदारांनी सौम्यपणे सांगितले, की वाकलेल्या पिना वॉरंटीत बसत नाहीत. कारखान्याचा दोष आणि हातून झालेले नुकसान यांत कंपन्या फरक करतात, आणि सॉकेटच पहिले तपासतात. त्यांनी एक सल्लाही दिला, तो वाचकांसाठी लिहून ठेवतो : बोर्ड विकत घेताना काउंटरवरच झाकण उचलून सॉकेटचे छायाचित्र काढावे. दोष आधीचा की नंतरचा, हा वाद मग उरत नाही. मग त्यांनी मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे आम्हांला पाठवले.

त्या तरुणाने बोर्ड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बारीक चिमट्याने पिन खालून अलगद उचलली, थोडी वळवली, थांबला, पुन्हा पाहिले. जोर नाही, घाई नाही. एकदा वाकलेला धातू फार वेळा मागेपुढे केला तर तुटतो. वीस मिनिटांत दोन्ही पिना रांगेत आल्या. नव्या बोर्डाच्या मानाने मजुरी अगदीच थोडी. ती नातवाने स्वतःच्या खिशातून दिली. घरी येऊन थर्मल पेस्टचा नवा ठिपका लावला (पंखा काढला की जुनी पेस्ट पुसून नवी लावावीच लागते) आणि बटण दाबले. सोळा जीबी.

काय दुरुस्त होते, काय नाही

प्रत्येक बोर्ड असा वाचत नाही. नाण्याएवढी तीन व्होल्टांची बॅटरी संपली तर ती कुणालाही बदलता येते. वीज बंद करून ती काही मिनिटे काढून ठेवली, तर बायॉसमधील चुकीच्या नोंदीही बहुधा पुसल्या जातात. जुन्या बोर्डांवर कॅपॅसिटरची डोकी फुगलेली दिसतात. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष कॅपॅसिटरमुळे असे असंख्य बोर्ड गेले. ते जाणकाराकडून बदलून घेता येतात. मात्र काळा डाग, जळका वास, तडकलेला पाट किंवा तुटलेली पिन दिसली, तर खर्चाचा हिशेब आधी करावा. बोर्ड जळला असेल, तर नवा लावण्यापूर्वी एसएमपीएस तपासून घ्यावा; नाहीतर तोच नव्यालाही जाळायचा. एसएमपीएस मात्र स्वतः उघडू नये. तार काढल्यावरही त्याच्या पोटात घातक वीज साठून असते.

बोर्ड गेला म्हणजे डिस्कवरची छायाचित्रे, हिशेब गेले, असे नाही. डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडता येते. फक्त विंडोजचे ‘बिटलॉकर’ कुलूप घातलेले असेल तर त्याची किल्ली कागदावर लिहून वेगळी ठेवावी. बोर्ड बदलला की ती मागितली जाते.

आता तो संगणक नातवाच्या खोलीत चालू आहे. परवा सौ.च्या हातून मिक्सरचे भांडे पडून तडकले. नातू स्वयंपाकघरात गेला आणि विचारता झाला, “काय झालं?” कुणी पाडले, ते विचारले नाही. सौ.नेच आपणहून सांगितले.