दुकानाचा फोन आधी कुठे वाजावा?

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, त्यामुळे आसपासच्या दुकानांतही त्या दिवशी वर्दळ नसते. पण फोनला मंगळवार माहीत नसतो. हिमरू शालींचा भाव विचारणारा पुण्याचा व्यापारी नेमका त्याच दिवशी नंबर लावतो, बंद दुकानात घंटी वाजत राहते आणि तो दुसऱ्या दुकानाला फोन करतो. गिऱ्हाईक हातचे गेले याचा आपल्याला पत्ताही लागत नाही.

हे दुखणे फार जुने आहे. अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे अल्मन स्ट्राउजर नावाचा एक गृहस्थ अंत्यविधीच्या सामानाचा व्यवसाय करी. टेलिफोन ऑपरेटर आपल्याला आलेले फोन प्रतिस्पर्ध्याकडे जोडते, असा त्याचा संशय होता, असे सांगतात. त्याने ऑपरेटरशिवाय फोन जोडणारे यंत्रच बनवले. 1891 साली त्याला त्याचे पेटंट मिळाले आणि 1892 साली इंडियाना राज्यातील ला पोर्ट गावी तसे पहिले एक्स्चेंज सुरू झाले. आज आपल्या भिंतीवरची ईपीएबीएक्सची लहानशी पेटी तेच काम करते. फक्त फोन कुणाकडे जावा, हे तिला आपण सांगावे लागते, आणि आपले बहुतेक व्यापारी बंधू ते मेकॅनिकवर सोडून देतात.

समजा, एका कुटुंबाचे दुकान वेरूळला आहे आणि माग व गोदाम छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबाद) आहे. शहराचा कोड 0240, तर वेरूळचा खुलताबादचा म्हणजे 02437. पेटी गोदामात बसवली असून तिला दोन लाइनी आहेत. साध्या तारेच्या लाइनीत गिऱ्हाइकाने कोणता नंबर फिरवला हे पेटीला समजत नाही. फोन कोणत्या खाचेतून आला एवढेच तिला दिसते. म्हणून पहिली लाइन घाऊक मालासाठी आणि दुसरी किरकोळ चौकशीसाठी ठेवावी आणि प्रत्येकीची घंटी कुठे वाजायची ते वेगवेगळे लिहून द्यावे. मोठ्या हॉटेलांकडे एकाच जोडणीवर तीस बोलणी चालणारी पीआरआय लाइन असते. तिथे फिरवलेला नंबर एक्स्चेंजकडून कळतो, पण तो जितक्या आकड्यांचा येतो तितक्याच आकड्यांचा पेटीत लिहावा लागतो. एक शून्य कमीजास्त झाले की नियम लागू होत नाही. अशा वेळी फोन तुटू नये म्हणून सर्वांत शेवटी ‘बाकी सर्व फोन काउंटरवर’ असा एक नियम ठेवलाच पाहिजे.

घंटी किती वेळ वाजू द्यावी? आपल्याकडची ट्रिंग-ट्रिंग साधारण तीन सेकंदांची, म्हणजे पाच घंट्यांना पंधरा सेकंद लागतात. तेवढ्यात काउंटरवर कुणी उचलला नाही तर फोन गोदामात जावा. याहून जास्त थांबणारे गिऱ्हाईक क्वचितच असते.

खरी फसगत होते ती पुढे. दुकान बंद असताना फोन सरळ मालकाच्या मोबाइलवर जावा, असे सगळ्यांनाच वाटते. पण पेटी हे करते तेव्हा आलेला फोन एका लाइनीत आणि मोबाइलकडे जाणारा दुसऱ्या लाइनीत असतो. दोन लाइनींच्या दुकानात मग तिसऱ्या माणसाला फक्त एंगेजचा आवाज ऐकू येतो. शिवाय जाणाऱ्या फोनचा खर्च आपल्या माथी येतो. साध्या लाइनीवर मोबाइलला दुकानाचाच नंबर दिसतो, म्हणून गिऱ्हाइकाला उलट फोन करता येत नाही. दोघांनी फोन ठेवला तरी काही पेट्यांना ते कळत नाही आणि दोन्ही लाइनी अडकून बसतात. म्हणून अशा बोलण्याला वेळेची मर्यादा घालून घ्यावी. लहान दुकानाने हे काम पेटीऐवजी टेलिफोन कंपनीकडे द्यावे, असे माझे मत आहे. कंपनीच्या एक्स्चेंजमधूनच फोन वळला तर आपल्या लाइनी मोकळ्या राहतात.

मात्र अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून मोबाइलवर कसलाही कोड फिरवू नये. असे कोड फिरवायला लावून लोकांचे फोन स्वतःकडे वळवण्याचे आणि बँकेचे ओटीपी पळवण्याचे प्रकार इतके वाढले, की 15 एप्रिल 2024 पासून *401# ची कॉल फॉरवर्डिंग सेवा बंद ठेवण्याचा आदेश दूरसंचार विभागाला द्यावा लागला.

वेळापत्रकही एकच चालत नाही. शुक्रवारी जुम्याच्या नमाजला दुकान रिकामे होते. तेवढा दीड-दोन तास फोन घरी जावा, कारण घरातल्या बाईला भाव आणि शिल्लक माल बहुधा आपल्याइतकाच तोंडपाठ असतो. मंगळवारचे वेरूळचे फोन गोदामात जावेत. रमजानमध्ये दुकाने रात्री उशिरापर्यंत चालतात, म्हणून त्या महिन्याचे वेळापत्रक निराळे लागते आणि चंद्र दिसला की ते हाताने बदलावे लागते. पेटीतला लहान सेल संपला असेल तर लाइट गेल्यावर तिचे घड्याळ बिघडते. मग तिचा शुक्रवार बुधवारी येतो आणि भर दुपारी दुकान उघडे असताना फोन घरी वाजतो.

हे सारे बसवून झाल्यावर मेकॅनिकला पैसे देण्याआधी बाहेरच्या मोबाइलवरून दोन्ही नंबर लावून पाहावेत: एकदा काउंटर रिकामा ठेवून, एकदा एक लाइन गुंतवून, आणि एकदा शुक्रवारी दीड वाजता एखाद्या शेजाऱ्याकरवी.